दिवेलागणीनंतरची झोप : खान्देशातील एका पाच महिन्यांच्या मुलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका मोठ्या गावात राहते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मूळ घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. मुलीची आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वडील कृषी केंद्र चालवतात, आजोबा कापूस आणि केळीची शेती पाहतात आणि घराचा सगळा कारभार आजीच्या हातात आहे. मुलगी नोव्हेंबरच्या मध्यावर जन्मली. आईची 180 दिवसांची प्रसूती रजा मेच्या मध्यावर संपत होती. पुढे उन्हाळी सुटी लागून असल्याने प्रत्यक्ष कामावर जाणे जूनच्या मध्यावर, शाळा उघडेल तेव्हा होते. त्या दिवसापासून सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा मुलगी आजीजवळ राहणार, हे घरात कोणी न विचारताच ठरलेले होते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हे कुटुंब बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आले. मी तेथे स्तनपान आणि बालसंगोपनाविषयी समुपदेशन करते. वडिलांनी बसता बसताच विचारले की झोपेचे काही थेंब मिळतील का. आईचा प्रश्न वेगळा होता. मुलगी तिच्याखेरीज कोणाजवळही झोपत नव्हती आणि जूनमध्ये काय करायचे, हे तिला सुचत नव्हते.

समस्या

मुलगी केवळ स्तनपान करता करता झोपत असे. झोप लागल्यावर पाळण्यात ठेवले की अर्ध्या-पाऊण तासात जागी होई आणि पुन्हा आईच लागे. रात्रीही साधारण दर दीड तासाने हेच घडे. आजीजवळ ती झोळीत झोपे, पण झोका थांबला की डोळे उघडत. रात्री साडेनऊ ते अकरा हा वेळ सर्वांत कठीण होता. त्या वेळात मुलगी दूध घेई, सोडून देई, पाठ ताणून रडे आणि मग थकून झोपे.

पाच महिन्यांच्या बाळाचे झोपेचे एक आवर्तन साधारण 50 ते 60 मिनिटांचे असते. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप उथळ होते आणि बाळ क्षणभर जागे होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर झोपेची रचनाच बदलते, त्यामुळे हे जागे होणे आधीपेक्षा ठळकपणे दिसू लागते. ज्या स्थितीत झोप लागली तीच स्थिती जागे होताना असेल तर बाळ बहुधा पुन्हा डोळे मिटते. कुशीत झोपलेले बाळ पाळण्यात जागे झाले, तर ते हाक मारणारच. या मुलीला झोपता येत नव्हते असे नाही. झोपेत शिरण्याचा एकच रस्ता तिच्या ओळखीचा होता आणि त्या रस्त्यावर एकच माणूस उभे होते.

आधी काय तपासले

डॉक्टरांनी प्रथम आजाराची शक्यता तपासली. वजन जन्माच्या दुपटीहून अधिक झालेले होते. कान, नाक आणि घसा स्वच्छ होता. घोरणे किंवा तोंडाने श्वास घेणे नव्हते, लघवी पुरेशी होत होती आणि दूध अंगी लागत होते. पोटाच्या कळा सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा ओसरतात, त्यामुळे आजीचे ‘पोट दुखत असणार’ हे निदान या वयाला फारसे लागू पडत नव्हते.

त्यानंतर आईला एक आठवडा नोंदी ठेवण्यास सांगितले. शिक्षिकाच असल्याने तिने हजेरीपत्रकासारखे रकाने आखून आणले: वेळ, जागा, झोपवणारी व्यक्ती आणि झोपेची मिनिटे. पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार हीच वही ठरली. दिवस-रात्र मिळून मुलगी जेमतेम अकरा तास झोपत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून 12 ते 16 तास झोप हवी.

वहीतून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. दुपारच्या डुलक्या पुढच्या स्लॅबच्या खोलीत तुटत होत्या, तर ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत, आजोबांच्या खाटेवर, संध्याकाळी पाचची डुलकी तासभर टिकत होती. दुसरी गोष्ट अशी की सात-सव्वासातला मुलगी जांभया देई, कान ओढी आणि नजर फिरवून घेई. आणि नेमके त्याच वेळी तिला उचलून अंगणात फिरवले जाई. तिन्हीसांजेला लेकरू झोपू द्यायचे नाही, लक्ष्मी यायची वेळ असते, हा आजीच्या घरचा नियम होता. त्यानंतर नऊला वडील दुकान बंद करून येत आणि दिवसभरात लेकीला भेटलेले नसल्याने तिला खेळवत. साडेनऊचे रडणे येथून येत होते. थकवा हद्दीबाहेर गेला की बाळ शांत होण्याऐवजी अधिक उत्तेजित होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय औषधाचा होता आणि तो लगेच बाद करण्यात आला. गावाकडे सर्दीचे गुंगी आणणारे सिरप ‘बाळ शांत झोपते’ म्हणून दिले जाते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला आहे. घुटीचाही विषय निघाला. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको, आणि वर्षापर्यंत मध नको, हे सांगितल्यावर आजोबांनी अफूच्या बाळगोळीची आठवण काढली. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना ती देत असत, हे इतिहासात नोंदलेले आहे. कामावर जाणारी आई आणि न झोपणारे बाळ ही अडचण जुनीच आहे. तिच्यावरचे उपाय मात्र सगळेच घेण्याजोगे नाहीत.

दुसरा पर्याय झोळीचा होता. आजीचे म्हणणे थोडक्यात असे होते: “झोयीमा टाका पोरले, घडीभरमा जपी जाई.” (झोळीत टाका पोरीला, घटकाभरात झोपून जाईल.) अनुभवाच्या दृष्टीने यात खोटे काही नव्हते. परंतु झोळीत बाळाचे अंग कमानीसारखे वाकते आणि हनुवटी छातीला टेकून श्वासनलिका दबू शकते. शिवाय मुलगी आता कुशीवर वळू लागली होती, त्यामुळे पडण्याचा किंवा कापडात मान अडकण्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढला होता. न थांबता झोका देत राहणे हीसुद्धा स्तनपानासारखीच एक अट होऊन बसते. दिवसभर एकट्या आजीवर हे अवलंबून ठेवणे योग्य वाटले नाही.

तिसरा पर्याय बाळाला रडू देऊन आपोआप झोपू देण्याचा होता. आईने तो मोबाइलवर वाचला होता. ठरावीक अंतराने जवळ जाऊन धीर देत राहण्याची त्याची सौम्य रूपे सहा महिन्यांच्या पुढच्या निरोगी बाळांमध्ये अनेकदा उपयोगी पडतात, आणि त्यातून बाळाला कायमची इजा होते असे अभ्यासांत आढळलेले नाही. तरीही येथे तो नाकारला. मुलगी अजून सहा महिन्यांची नव्हती, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटले. चुलतसासऱ्यांचे बिऱ्हाड भिंतीला भिंत लागून असलेल्या त्या घरात रडण्याचा आवाज गेल्यावर तिसऱ्या मिनिटाला दार वाजले असते. घरातील माणसे जी पद्धत दोन रात्रींपेक्षा जास्त चालवू शकत नाहीत, ती बाळाच्या दृष्टीने रोज बदलणारा नियम ठरते.

वरचे दूध बाटलीने देण्याचा पर्याय वडिलांनी मांडला होता. पोट भरलेले असल्याने त्याची गरज नव्हती. या वयात रात्री एक-दोनदा दूध लागणे स्वाभाविक आहे आणि ते तोडण्याचा उद्देशही नव्हता.

उरला तो टप्प्याटप्प्याने बदल करण्याचा पर्याय: आधी वेळ आणि जागा, मग क्रम, आणि शेवटी माणूस.

आखाजीचा प्रश्न

निर्णयाचे पहिले वळण येथे आले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. खान्देशात आखाजीला लेक माहेरी जाते. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, घराघरांत माणसांची गर्दी असते. पहिल्यांदा नात घेऊन माहेरी जायचे आणि तेथे साडेसातला दार लावून बाळ झोपवायचे, हे होण्यासारखे नव्हते. आईला लगेच सुरुवात करायची होती, कारण जूनपर्यंतचा प्रत्येक आठवडा तिला मोलाचा वाटत होता. विचारांती बदलाची सुरुवात आखाजीनंतर करायचे ठरले. माहेरी काहीही बदलायचे नाही. फक्त मुलीला पाठीवर आणि सपाट जागेवर झोपवायचे, एवढे एकच पथ्य ठेवले. यात दहा-बारा दिवस गेले, पण अर्धवट सुरू करून मोडण्याचा प्रकार टळला.

दिवेलागणीचा तोडगा

दुसरे वळण तिन्हीसांजेचे होते. सात वाजता झोपवा, असे सांगणे सोपे होते आणि आजीने ते ऐकूनही घेतले असते. पाळले मात्र नसते. मे महिन्यात खान्देशात सूर्य सातच्या आसपास मावळतो. दिवा लागून साडेसात होईपर्यंत तिन्हीसांज सरते. त्यामुळे आजीलाच विचारले की दिवा लावल्यानंतर झोपवले तर चालेल का. त्यावर तिची काहीच हरकत नव्हती. संध्याकाळची डुलकी पाचऐवजी साडेचारला आणि अर्ध्या तासाची केली, म्हणजे साडेसातला मुलगी थकलेली असे, पण बेजार नसे. आजी नातीला कडेवर घेऊन देवापुढे दिवा लावी, शुभंकरोती म्हणे आणि तेथून थेट मागच्या खोलीत जाई. झोपेआधीचा ठरावीक क्रम म्हणून जे आम्ही शिकवतो, त्याची पहिली पायरी त्या घरात आधीपासूनच होती. ती झोपेच्या दिशेने वळवायची तेवढी बाकी होती.

वडिलांचा खेळ सकाळी दुकानाला जाण्यापूर्वी ठेवला. हे त्यांना जड गेले आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले.

जागा

घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 42 ते 45 अंशांपर्यंत चढतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे कुटुंब रात्री गच्चीवर झोपत असे आणि मुलगी खाली झोपून मध्यरात्री वर नेली जाई. मागे जाड मातीच्या भिंतींची धाब्याची एक जुनी खोली होती, जिचा उपयोग धान्याच्या कोठ्या आणि जुनी भांडी ठेवण्यासाठी होत होता. ती दुपारीही स्पष्टपणे थंड असे. आजोबांनी ती मोकळी करून दिली. कूलर दाराबाहेर ठेवला, जेणेकरून हवा खेळती राहील पण झोत बाळावर येणार नाही. खिडकीला जाळी आणि पाळण्यावर मच्छरदाणी लावली. अंगात पातळ सुती झबले, टोपी नाही. अतिउष्णता हा बाळाच्या झोपेतील अचानक मृत्यूच्या जोखमींपैकी एक आहे, त्यामुळे येथे केवळ आरामाचा प्रश्न नव्हता.

घरातला लाकडी पाळणा सपाट आणि भक्कम होता. पट्ट्यांमधली फट सहा सेंटीमीटरपेक्षा कमी असल्याची खात्री करून घेतली. मऊ दुलई काढून घट्ट बसणारी पातळ गादी घातली. मोहरीची उशी काढण्यावर थोडी चर्चा झाली, कारण डोके चपटे होईल अशी भीती होती. बाळाला पाठीवरच झोपवावे आणि वर्षापर्यंत उशी नसावी, पण दिवसा जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, पालथे खेळवावे म्हणजे डोक्यावरचा भार बदलतो, हे समजावल्यावर उशी गेली. संध्याकाळच्या अंघोळीनंतरची ओवा-लोबानाची धुरीही त्याच सुमारास थांबली. बंद खोलीतला धूर कोवळ्या फुप्फुसांना चांगला नाही.

क्रम आणि माणूस

पहिला आठवडा फक्त वेळ आणि जागा बदलली. झोपवायची पद्धत तीच ठेवली, म्हणजे आईच्या कुशीत आणि दूध पिता पिता. एवढ्यानेच साडेनऊचे रडणे जवळपास थांबले. या टप्प्यावर आईने विचारले की आणखी काही करायची गरज आहे का. गरज होती, जूनचा प्रश्न जसाच्या तसा होता.

दुसऱ्या आठवड्यात दूध क्रमात पुढे आणले. दूध, मग दिवा, मग हातपाय पुसून हलकी मालिश, मग अंगाई. दूध कमी केले नाही. दूध आणि झोप यांच्यामध्ये वीस मिनिटांचे अंतर आले. मुलगी डोळे मिटू लागली की पाळण्यात ठेवायची, थोपटत राहायचे, थोडे झोके द्यायचे आणि पूर्ण झोप लागण्याआधी झोका थांबवायचा. पहिल्या काही रात्री ती रडली. रडली की उचलायचे, शांत झाली की पुन्हा ठेवायचे, खोलीतून कोणी बाहेर जायचे नाही, असे ठरलेले होते.

तिसरे आणि सर्वांत नाजूक वळण आजीकडे सोपवण्याचे होते. आईने खोलीतच थांबून आजीला झोपवू द्यावे, असा घरच्यांचा कल होता. तो मोडावा लागला. आई दिसत असताना आणि तिच्या दुधाचा वास येत असताना दुसऱ्याने थोपटणे म्हणजे बाळासमोर ताट ठेवून हात धरणे झाले असते. आई क्रमातले दूध देऊन गच्चीवर जाऊ लागली. पहिल्या रात्री तिने वरूनच मला फोन केला आणि आवाज येतोय असे सांगितले. आजी खाली शांतपणे ओव्या म्हणत होती. माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक काम या बाईने केले. चार मुलांना झोपवण्याचा तिचा अनुभव होता, मुलीच्या थकव्याच्या खुणा ती आईपेक्षाही आधी ओळखत असे, आणि झोका मध्येच थांबवण्याची कल्पना पटत नसतानाही तिने ती पाळली. अहिराणी ओव्यांमध्ये तीन-चार ओळींचा एक तुकडा ती दररोज शेवटी म्हणे. काही दिवसांनी त्या तुकड्याला मुलीचे डोळे जड होऊ लागले.

रात्रीच्या जागरणासाठी नियम साधा ठेवला. मध्यरात्रीपूर्वी जाग आली तर आजी थोपटेल. मध्यरात्रीनंतर आई दूध देईल. दिवसाच्या डुलक्यांपैकी सकाळची पहिली डुलकी आजीकडे दिली, कारण ती लागायला सर्वांत सोपी असते.

अडथळे दोन आले. लग्नसराईत शिरपूरकडे दोन दिवस जावे लागले आणि तेथे सगळे झोळीवर आले. परतल्यावर चार-पाच रात्री पुन्हा जड गेल्या. मेअखेर वादळी पावसाने वीज गेली, कूलर बंद पडला आणि ती रात्र सगळ्यांनी ओट्यावर काढली. मेच्या मध्यावर सहा महिने पूर्ण झाल्याने वरचे अन्न सुरू झाले. रात्री पोटभर पेज दिली की झोपेल, या अपेक्षेने ती झोपायच्या तोंडावर दिली जाऊ लागली होती. ती साडेसहाला आणली. वरचे अन्न वाढीसाठी आणि लोहासाठी आवश्यक असते, झोप लांबवण्याची हमी ते देत नाही. आशाताईंनी सहाव्या महिन्याच्या भेटीत लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा सुरू करून दिले.

परिणाम

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वहीतील नोंद सव्वातेरा तासांपर्यंत पोहोचली होती. संध्याकाळी झोप लागायला पंधरा-वीस मिनिटे लागत आणि आजी किंवा आई, कोणीही झोपवू शके. रात्री दूध एकदा, कधी दोनदा लागे. दुपारची डुलकी चाळीस मिनिटांपलीकडे गेली नाही. ती लांबवण्यासाठी आम्ही फार प्रयत्न केले नाहीत, कारण त्या वयाला ते पुष्कळदा असेच असते.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात रात्रीचे जागणे वाढले. दिवसभर न भेटलेली आई रात्री वसूल करणे हे बाळाच्या बाजूने रास्तच होते. त्यामुळे मध्यरात्रीचा नियम तेवढ्या काळापुरता सैल केला आणि आई येताच हातपाय धुऊन आधी दूध देऊ लागली. महिनाअखेरीस घडी पुन्हा बसली.

काय वेगळे करता आले असते

आजीला पहिल्या भेटीतच बोलावायला हवे होते. पहिल्या दोन बैठका आई-वडिलांशीच झाल्या आणि तिन्हीसांजेचे कारण वही पाहिल्यावर कळले; आजीने ते पाच मिनिटांत सांगितले असते. ज्या घरात बाळ दिवसा आजीजवळ राहणार आहे, तेथे आई कामावर जाण्याच्या सहा आठवडे आधी नव्हे, तर चौथ्या महिन्यातच एखादी डुलकी आजीकडे सोपवणे अधिक सोपे जाते. त्या वेळी बाळाची माणसांबद्दलची आवड-निवड इतकी पक्की झालेली नसते. उलट बाजूने, हे आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत लांबले असते तर आईपासून दूर होण्याची भीती वाढलेली असती आणि हाच क्रम कितीतरी अवघड झाला असता.

लग्नाला जाताना पाळण्याची नसली, तरी निदान क्रमाची काही योजना करून पाठवायला हवी होती. दिवा, मालिश आणि आजीच्या त्या शेवटच्या ओळी कुठेही नेता येतात.

वडिलांच्या वाट्याचा प्रश्न अर्धवटच राहिला. सकाळचा खेळ दुकानाच्या हंगामात, म्हणजे बियाणे आणि खतांच्या गर्दीत, टिकला नाही. त्यांना झोपवण्याच्या क्रमात एखादी पायरी, निदान दुकान बंद असेल त्या संध्याकाळी, दिली असती तर बाळाला तिसरा माणूस ओळखीचा झाला असता.

सध्याची स्थिती

मुलगी आता दहा महिन्यांची आहे, रांगते आणि पाळण्याचा कठडा धरून उभी राहते. त्यामुळे पाळणा काढून तिचे अंथरूण त्याच खोलीत जमिनीवर, भिंतीपासून दूर घातले आहे. सोमवार ते शनिवार ती आजीजवळ झोपते. रविवारी आई घरी असली की दुपारची डुलकी आजीकडून घ्यायला ती साफ नकार देते. त्यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी ती डुलकी आईचीच राहू द्यावी, असे आजीने ठरवले.